पोलंडची फायनी

१७ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीला आली होती तेव्हा रुचिका ही वही टेबलावर ठेवून गेली. "बाबा, चिडचिड हिच्यात लिहीत जा, आईच्या वाट्याला कमी येईल." पुण्याला नोकरी लागल्यापासून लेक फार शहाणी झाली आहे. असो. लिहितो.

आज जिल्हा वक्तृत्व स्पर्धेच्या चिठ्ठ्या उघडल्या. यंदा प्रत्येक शाळेला एक राष्ट्र, त्याचा आरंभापासून आजवरचा इतिहास, वेळ आठ मिनिटं. मुख्याध्यापकांनी आमची चिठ्ठी हात लांब करून वाचली, "पोलीस लोकांचा इतिहास." मी म्हटलं, "पोलिश, सर. पोलंडचे लोक." "तेच ते, नवनीत सर. ठाण्यातल्या साहेबांना बोलवू या का मार्गदर्शनाला?" एवढं बोलून त्यांनी खिडकीतून पिंक टाकली. त्या खिडकीखालची भिंत कमरेपर्यंत लाल झाली आहे. ती दिसली की मला चहा जात नाही.

एप्रिलमध्ये मी निवृत्त होणार. एकतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, नंदुरबारहून एकदाही ढाल आणली नाही. मुलं हुशार असतात, पाठांतर चोख असतं, आणि व्यासपीठावर जाऊन "पानी" म्हणतात. "कोन" म्हणतात. "काया डोया" म्हणतात. परीक्षक एकमेकांकडे बघून हसतात, तिथेच संपतं. या वर्षी ढाल आणायचीच.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हुमाची निवड केली. नववी ब. आपल्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या हारुन टेलरची मुलगी. आवाज असा की मागच्या बाकावर पेंगणारं पोर ताठ बसतं. अखंड बोलते. मधल्या सुट्टीत पाच मुलींच्या गराड्यात हीच एकटी बोलत असते. पण घरात हिंदी, गल्लीत अहिराणी, म्हणजे ण आणि ळ दोन्हीकडून बेपत्ता.

त्यावर माझ्याकडे औषध आहे. पंधरा वर्षांपूर्वी मोडक्या बाकाची फळी कापून मी एक पाटी केली. वीतभर, काळा रंग, त्यावर पांढरा ठसठशीत ण, वरच्या दोन भोकांतून सुतळी. वर्गात जो ण चा न करेल किंवा ळ चा य, त्याच्या गळ्यात पाटी. त्याने दुसऱ्याची चूक पकडून दिली की त्याची सुटका, पाटी दुसऱ्याच्या गळ्यात. शेवटच्या घंटेला ज्याच्याकडे असेल त्याने ती घरी न्यायची आणि शंभर वेळा लिहून आणायचं, 'मी शुद्ध बोलेन.' मला छडी उचलावी लागत नाही, ओरडावं लागत नाही. मुलंच एकमेकांवर पाळत ठेवतात. छडीची मला पहिल्यापासून किळस आहे.

इंग्रजीच्या मारिया मॅडम आज म्हणाल्या, "सर, नवापूरला आमच्या घरी आदिवासी कोकणी बोलतात. मी तुमच्या वर्गात असते तर ती पाटी माझ्यासोबतच म्हातारी झाली असती." मी म्हटलं, "आणि तुमचं मराठी आत्तापेक्षा बरं असतं." त्या हसल्या. हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

२३ नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस पोलंडच वाचतोय. नऊशे सहासष्टमध्ये मिएश्को राजाने बाप्तिस्मा घेतला, तिथून या लोकांचा लिखित इतिहास सुरू होतो. चौदाशे दहामध्ये ग्रुनवाल्डच्या मैदानात जर्मन सरदारांच्या फौजेची धूळधाण उडवली. मग लिथुएनियाशी जोडून एवढं मोठं राज्य झालं की युरोपात त्याला तोड नव्हती. कोपर्निकस यांचा. विद्यापीठं यांची.

आणि मग त्यांची ती सरदारांची सभा! वाचून शिसारी आली. एक सदस्य उभा राहून "मला मंजूर नाही" म्हणाला की ठराव रद्द, अख्खी सभा बरखास्त. शेजारचे राजे असा एखादा सरदार हाताशी धरायचे आणि काम फत्ते. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा काय वेगळी असते? तिथेही असा एक सभासद असतोच, उशिरा येणारा, अहवाल न वाचलेला, हात वर करणारा.

भिकुबाई जेवायला बोलवायला आली. "तुम्हना पोलंडवाला जेवतस का नही?" मी म्हटलं, "जेवतात की नाही, असं म्हण." ती ताट वाढायला गेली. लग्नाला तीस वर्षं होतील, तिची भाषा मला सुधारता आली नाही. शेजारच्या रमिलाबाईशी तासन्‌तास बोलते, माझ्याशी कामापुरतं. स्वभाव एकेकाचा.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

भाषणाचा पहिला भाग हुमाला दिला. सतराशे बहात्तर, त्र्याण्णव, पंचाण्णव. रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनी तीन वेळा पोलंडचे वाटे घातले आणि तिसऱ्या वेळेला नकाशावर पोलंड उरलाच नाही. एकशे तेवीस वर्षं. भाषणाचा सगळा जोर एका शब्दावर आहे: फाळणी. पहिली फाळणी, दुसरी फाळणी, तिसरी फाळणी, दर वेळी आवाज चढवत न्यायचा.

हुमा छातीत हवा भरून म्हणाली, "पोलंडची पहिली फायनी!"

वर्ग फुटला. मुख्याध्यापक दारातून जात होते, तेही फिदीफिदी. मला वाटलं जमीन दुभंगावी. त्या एका शब्दात ळ पण आहे आणि ण पण. या इतिहासाला दुसरा शब्दच नाही. पाटी तिच्या गळ्यात. पहिल्यांदाच. ती वर्गासोबत हसली, पाटी वाजवून दाखवली आणि पाच मिनिटांत सुकलालला "शाया" म्हणताना पकडून मोकळी झाली. हुशार आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज वर्गात व्झेश्न्याची हकीकत सांगितली. नाव उच्चारताना जीभ वळत नाही, पण हकीकत विसरण्यासारखी नाही. एकोणीसशे एक. प्रशियाच्या वाट्याला आलेलं एक छोटं गाव. सरकारने फतवा काढला की शाळेत धर्माचा तास आता जर्मनमध्ये. मुलांनी घरी आईकडून शिकलेली प्रार्थनासुद्धा जर्मनमध्ये म्हणायची. मुलांनी काय केलं? दंगा नाही, दगड नाही. मास्तरांनी जर्मनमध्ये विचारलं आणि मुलं गप्प बसली. बोललीच नाहीत. हात सुजेपर्यंत छड्या खाल्ल्या, बाहेर आया रडत उभ्या, तरी नाहीत. एका मुलीच्या हातात जर्मन पुस्तक कोंबलं, तर तिने ते बोटाने शिवलं नाही. अंगावरच्या एप्रनच्या टोकाने धरलं.

वर्ग इतका शांत मी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. हुमाने विचारलं, "सर, ते मास्तर जर्मन व्हते का तठलेच?" मी म्हटलं, "कुणीही असोत, स्वतःला शिक्षक म्हणवणाऱ्या असल्या माणसांची मला किळस येते. लेकरांच्या तोंडातली भाषा काढून घेणारा माणूस कसाई बरा." आणि मग आठवलं म्हणून सांगितलं, "आणि 'व्हते का तठलेच' नाही, 'होते का तिथलेच'."

पाटीच्या नियमात ते बसत नव्हतं, म्हणून सोडून दिलं.

३० नोव्हेंबर, रविवार

एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही, वहीला सांगतो. चौऱ्याण्णव साली नाशिकला एका मोठ्या शाळेची मुलाखत होती. बी.एड.ला पहिला वर्ग, कागद सगळे चोख. उन्हातून आलो होतो. बसल्यावर म्हटलं, "जरा पानी मिळेल का?" समोरचे तिघे थांबले. मधले गृहस्थ हसून म्हणाले, "पाणी जरूर मिळेल. पानी मात्र आमच्याकडे नसतं." तिघेही खो खो हसले. शिपायाने पेला आणून दिला तोही हसत होता. मी ते पाणी प्यायलो. नोकरी दुसऱ्याला मिळाली.

परतीच्या एसटीत मला माझ्याच जिभेची किळस आली. त्या दिवसापासून मी घरातसुद्धा अहिराणी बोललो नाही. आई जाईपर्यंत तिच्याशीही नाही. ती म्हणायची, "नवनीत मन्हासंगे सायबासारखा बोलस." तिला वाटायचं मी रागावलोय.

माझ्या मुलांवर कुणी असं हसू नये एवढंच मला हवं आहे. हे मारिया मॅडमना काय कळणार.

३ डिसेंबर, बुधवार

हुमाची प्रगती थक्क करणारी! दोनदा पाटी मिळाली, त्यानंतर एक चूक नाही. भाषासुद्धा कशी भारदस्त झाली आहे. "पाणी" म्हणत नाही, "जल" म्हणते. "शाळा" नाही, "विद्यालय". "आणि" च्या जागी "व". "पण" च्या जागी "मात्र". काल विचारलं की घरी काळजी घेतेस ना घशाची, तर म्हणाली, "हो सर. रोज तप्त जल." मला हसू आवरेना. टेलरच्या पोरीच्या तोंडी संस्कृत!

फक्त "फाळणी" टाळून "तुकडे" म्हणत होती. ते मात्र मी चालू दिलं नाही. शाळा सुटल्यावर शंभर वेळा म्हणवून घेतलं. नव्वदाव्या वेळी बरोबर आलं. मी टाळ्या वाजवल्या. ती घाम पुसत उभी होती, हसली नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

हुमाला आज पुन्हा पाटी. मैत्रिणीला हाक मारताना "रिना, थांब, कोन येस दख" असं तोंडातून गेलं आणि रिनानेच पकडून दिलं. पोरींची मैत्री असली! पाटी घेताना हुमाने हात पुढे केला नाही. ओढणीचं टोक पुढे केलं आणि त्यात ती धरली, जशी तापलेली कढई उतरवावी तशी. मी म्हटलं, "एवढी काय अस्वच्छ नाही ती." नववीत गेल्या की मुलींना नखरे सुचतात.

१२ डिसेंबर, शुक्रवार

हारुन टेलर शाळेत आला होता. गळ्यात फीत तशीच, दुकानातून उठून आलेला. स्टाफरूमच्या दारातच उभा राहिला.

"सर, पोर घरमा बोलत नही."

मी म्हटलं, "भाषणाची तयारी करतेय. आवाज जपत असेल."

"तसं नही सर. तिनी आम्मी विचारस, जेवनी का, तर मुंडी हालावस. कोठे दुखस का, तर मुंडी हालावस. पहिले हाई पोर चूप बस म्हटलं तरी बसे नही. दुकानमा येयेल गिऱ्हाईक तिनं ऐकाले बठेत. आते मशीनना आवाज सोडी घरमा काहीच नही. कोनी काही बोलनं का तिले आठे?"

मी समजावलं की वय असतं, स्पर्धेचं दडपण असतं, वीस तारखेनंतर सगळं सुरळीत होईल. त्याने फीत बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "ढाल नही उनी तरी चाली, सर. पोर बोलाले पाहिजे." मग गेला.

ढाल नाही आली तरी चालेल म्हणे. या वृत्तीनेच हा जिल्हा मागे राहिला. वीट आला मला या "चाली, चाली"चा.

१६ डिसेंबर, मंगळवार

सात दिवस झाले, पाटी हुमाकडेच आहे. म्हणजे वर्गात दुसऱ्या कुणाचीही चूक झालेली नाही! पंधरा वर्षांत असं घडलं नव्हतं. मी मुख्याध्यापकांना अभिमानाने सांगितलं, त्यांना पाटी कुठली तेच आठवेना.

मारिया मॅडम शेजारीच वही तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सर, काल मी तुमच्या वर्गात ऑफ पिरियडला होते. पाच मिनिटांत सात वेळा 'पानी' ऐकलं. हुमा पहिल्या बाकावर होती. तिलाही ऐकू आलं."

"मग तिने पकडून का दिलं नाही?"

"तिला विचारा."

विचारलं. हुमाने मान हलवली, हो की नाही तेही कळेना. रोजची शंभर ओळींची वही मात्र टेबलावर ठेवते. अक्षर सुंदर आहे. स्पर्धेच्या तोंडावर तिला बोलायला वेळ नाही, मी समजू शकतो.

१८ डिसेंबर, गुरुवार

शेवटची तालीम. सात मिनिटं पन्नास सेकंद. एक चूक नाही. फाळणी, फाळणी, फाळणी, तिन्ही वेळा आवाज चढत गेला. सैबेरियात पाठवलेले बंडखोर, व्झेश्न्याची मुलं, मग एकोणीसशे अठरामध्ये नकाशावर परत आलेला देश, एकोणचाळीसमध्ये दोन्ही बाजूंनी पुन्हा तुडवलेला, जमीनदोस्त झालेलं आणि विटेवर वीट रचून पुन्हा उभं केलेलं वॉर्सा. शेवटी आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला आसऱ्याला आलेली त्यांची लेकरं. परीक्षकांना कोल्हापूर लागतंच.

भाषण संपलं की ती पुन्हा गप्प. यंत्र बंद केल्यासारखी. मला वाटलं होतं ती तरी आनंदी असेल.

२१ डिसेंबर, रविवार

कालचं लिहायचं आहे. काल वही उघडलीच नाही.

सकाळी क्रूझरने निघालो. पुढे ड्रायव्हरजवळ हारुन, मध्ये मी, मागे मारिया मॅडम आणि हुमा. नंदुरबारला सभागृह भरलेलं. मागे वेफर्सच्या पिशव्यांचा कुरकुर आवाज, पहिल्या रांगेत एक परीक्षक पानाचा तोबरा भरून. आमचा नंबर अकरावा.

हुमा उभी राहिली आणि सभागृह गप्प झालं. मिएश्को झाला, ग्रुनवाल्ड झालं, ती सभा झाली, लोक हसलेही योग्य जागी. फाळणी तीन वेळा, प्रत्येक ण खणखणीत. पानवाल्या परीक्षकाने शेजारच्याला कोपराने ढोसलं. मी डोळे मिटले. मला ढाल दिसत होती, खरंच सांगतो, शोकेसमध्ये कुठे ठेवायची तेही दिसत होतं.

मग व्झेश्न्या. "मास्तरांनी जर्मनमध्ये विचारलं," हुमा म्हणाली. "मुलं गप्प बसली."

आणि ती गप्प बसली.

मला वाटलं, परिणामासाठी थांबली असेल. पाच सेकंद. दहा. मी ओठांनी पुढची ओळ दाखवू लागलो. ती माझ्याकडेच बघत होती. विसरलेल्या मुलाचे डोळे छताकडे जातात, हिचे गेले नाहीत. अर्धं मिनिट झालं. मागे कुणी शिट्टी मारली. ती तशीच ताठ, हात खाली, तोंड मिटलेलं. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, घेरी येतेय, आता पडते. मी खुर्चीवरून उठलो आणि ओरडलो,

"पानी द्या तिले! कोनी पानी द्या ना रे! काय व्हयनं वं पोरी तुले?"

समोरच्या टेबलावरचा माइक चालू होता. माझा आवाज चारही भिंतींवरून परत आला. अख्खं सभागृह हसलं. पानवाले परीक्षक तोबरा सांभाळत म्हणाले, "मराठीचे सर का तुम्ही?" पुन्हा हशा. एकतीस वर्षांपूर्वीचा तो पेला मला हातात जाणवला.

घंटा झाली. हुमा नमस्कार करून खाली उतरली. नंबर नाही. शेऱ्यात लिहिलं होतं, 'पाठांतर कच्चे, कोल्हापूरचा उल्लेख नाही.'

परतीला निघालो. मला तिचा संताप आला होता, परीक्षकांची शिसारी, आणि सगळ्यात जास्त माझ्या तोंडाची, जे आयत्या वेळी फितूर झालं. प्रकाशा गावाच्या पुलावर ऊस भरलेला ट्रॅक्टर आडवा होता, गाडी थांबली. खाली तापीचं पाणी. मी मागे वळून विचारलं, "विसरलीस?"

तिने मान हलवली. नाही.

"मग का थांबलीस?"

तिने दप्तर उघडलं. ओढणीच्या टोकात धरून पाटी बाहेर काढली आणि माझ्यापुढे केली.

"सर, तुम्ही पानी म्हटलं."

पुढच्या सीटवरून हारुन झटकन वळला. "बोलनी!" तो म्हणाला. "मॅडम, ऐकं का? पोर बोलनी!" तो उतरून मागे आला, त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग स्वतःचे डोळे पुसले. ढालीचं त्याच्या ध्यानातही नव्हतं.

मला तिला सांगायचं होतं की नियम मुलांसाठी आहे. तिची ओढणी तशीच पुढे होती. मी पाटी घेतली. माझ्या हाताला एप्रनही नव्हता, ओढणीही नव्हती. सुतळी मुलांच्या घामाने काळी आणि मेणचट झालेली.

उलटी केली तर मागे नावं. कर्कटकाने कोरलेली, एकावर एक, पंधरा वर्षांची. ती बाजू मी कधी पाहिलीच नव्हती, ती मुलांच्या छातीकडे असते. ईश्वर, जुबेर, सुकलाल, रिना, झिपरू. झिपरू दहावीत शाळा सोडून गेला तेव्हा मी म्हटलं होतं, त्याला अभ्यासाची गोडी नव्हती. सगळ्यात खाली हुमा, आणि नावापुढे बारीक रेघा. मोजल्या. बारा. नऊ तारखेपासून रोज एक. त्या बारा दिवसांत वर्गातली प्रत्येक "पानी" तिने ऐकली होती आणि पाटी कुणाला दिली नव्हती.

कसाई बरा, असं मी म्हणालो होतो. अठ्ठावीस नोव्हेंबर. वर लिहिलेलं आहे, आत्ताच वाचलं.

मी पाटी गळ्यात घातली. मारिया मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. मागे हुमा वडिलांना काहीतरी सांगू लागली, हळू, मग भराभर, तिच्या त्या हिंदी-अहिराणीत, ट्रॅक्टरबद्दल, सभागृहातल्या पंख्यांबद्दल, आमच्या शहाद्यापर्यंत थांबलीच नाही.

घरी पोचलो. भिकुबाईने दार उघडलं आणि बघतच राहिली.

"हाई काय शे गयामा?"

ओठावर 'हे काय आहे गळ्यात, असं म्हण' आलं होतं. गिळलं.

"पाटी," मी म्हटलं. "मन्ही शे."